मागच्या गल्लीतला सुतार

"अस्सल फ्रेंच बेकरी ना? हां हां म्हणता शोधतो! अर्धवट पत्त्याची पाकिटं पोचवण्यात उभा जन्म गेलाय माझा!" निवृत्त पोस्टमास्तरांनी छाती फुगवून बायकोला सांगितलं.

बायको तापातून उठली होती, पण चव गेली, वास गेला, घास घशाखाली उतरेना. लेकीबरोबर फ्रान्सच्या सहलीत खाल्लेलं लोण्याचं क्रोसाँ तेवढं तिला आठवत होतं. "तसं मिळालं तर जातील दोन घास," ती म्हणाली. ती रोज वाळत चाललेली बघून मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

एरवी मास्तरांची सकाळ ठरलेली. मागच्या गल्लीत कुणी नवा सुतार आला होता. मेला पहाटेच धपाधप ठोकायला लागे! मास्तर खिडकी उघडून गर्जत, "अहो सुतार! माणसं झोपलीत इथं!" आणि धाडकन खिडकी लावून घेत. सुताराचं तोंड काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

आता मात्र सुताराशी भांडायला सवड कुणाला? मास्तर उजाडायच्या आत मोहिमेवर निघाले. एका बेकरीच्या दारावर भलामोठा आयफेल टॉवर, आणि आत कालचे पाव! दुसरीचा मालक तिरकी टोपी घालून बसलेला. त्यानं क्रोसाँ म्हणून जे दिलं, ते बायकोनं चावून पाहिलं आणि परत केलं. "अहो, दार वाऱ्यानं आपटतं ना, तिथं लावा हे."

दुसऱ्या दिवशीही मास्तर हात हलवत परतले, तर बायको उघड्या खिडकीत उभी!

"अहो, मला वास आला! लोण्याचा! मागच्या गल्लीतून!"

मास्तर अनवाणीच धावले. सुताराच्या जागी काचेचं कपाट, त्यात सोनेरी क्रोसाँ, आणि मागे एक बाई जाडजूड लाटण्यानं गार लोण्याची लादी बडवत होती. धप! धप! धप!

म्हणजे पहाटे ठोकणारा सुतार तो हीच! हिनं आवाज ओळखून हाकलून दिलं तर? ते मुंगीच्या आवाजात म्हणाले, "दोन क्रोसाँ..."

"घसा बसलाय का, काका? क्रोसाँ खा, बरं वाटेल. फ्रान्समध्ये शिकून आलेय मी!"

तेवढ्यात वरून बायकोची हाक आली. "अहो, मिळालं काऽऽ?"

"मिळालंऽऽ!" मास्तर सवयीनं गर्जले.

लाटणं हवेतच थांबलं. "तुम्हीच ते!"

"चुकलो हो, बाई! पण बायकोसाठी तेवढं..."

"चुकलात कसले! दोन दिवस होतात कुठं? तुम्ही ओरडलात की मी भट्टीतून पहिला ट्रे काढते. बडवायच्या नादात घड्याळाकडे लक्ष कुठं राहतं? तुम्ही गप्प बसलात आणि माझ्या ट्रेचा कोळसा झाला!"

बायकोनं दोन्ही क्रोसाँ खाल्ली. पदरावर सांडलेला चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी खिडकीतून गल्लीकडे बघून मनोभावे हात जोडले.

तेव्हापासून मास्तर उपकार फेडण्यासाठी रोज पहाटे पूर्वीपेक्षा दुप्पट जोरात ओरडतात. खालून "काढलाऽऽ!" असं उत्तर येतं आणि खिडकी उघडीच राहते.

परवा वरच्या मजल्यावरची खिडकीही उघडली. "अहो मास्तर! माणसं झोपलीत इथं!"