दोन बाटल्या पाणी

"क्रीम फासून समुद्रात उतरेल त्याला दंड!" ग्वेनोलेनं नगरपालिकेच्या सभेत टेबलावर मूठ आपटली. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या त्या खाडीत तो तीस वर्षं शिंपल्यांतली कालवं वाढवत होता, आणि यंदा कालवांची पिल्लं काही केल्या वाढेनात. "उन्हाच्या क्रीममध्ये टायटॅनियमचे नॅनोकण असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. पण माझी कालवं दिवसभर पाणी गाळतात, सगळं त्यांच्या पोटात जातं!"

"पुरावा आण, ग्वेनोल्या," मेयर केर्वेला म्हणाला. दोघं एका बाकावर शिकलेले. किनाऱ्यावरची पर्यटकांच्या तंबूंची वसाहत या केर्वेलाचीच. तिथली चारशे माणसं रोज अंगावरची घाण समुद्रात धुतात आणि त्याला सुट्टी म्हणतात.

ग्वेनोलेनं दोन बाटल्या घेतल्या. एक किनाऱ्यावरच्या पाण्यासाठी, दुसरी तुलनेला, त्याच्या स्वतःच्या कालवांच्या स्वच्छ वाफ्यातल्या पाण्यासाठी. कालववाल्याचं घड्याळ ओहोटीवर चालतं. त्यामुळे सकाळी सातला ओहोटी लागताच त्यानं पहिली बाटली भरली. त्या वेळी सगळे पर्यटक तंबूत घोरत असतात, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून, कोपरापर्यंत हात बुडवून त्यानं कालवांच्या दोनशे जाळीदार पिशव्या उलटवल्या, आणि अकराच्या उन्हात दुसरी बाटली भरली.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेतली एनोरा भर सभेत अहवाल घेऊन उभी राहिली.

"किनाऱ्यावर टायटॅनियम जवळपास नाहीच. कालवांच्या वाफ्यात मात्र बारा पट."

"अरे, तुझी कालवंच क्रीम लावतात की काय?" केर्वेला खुर्चीतून पडायचाच बाकी होता.

ग्वेनोलेचा चेहरा पांढरा पडला. ही बातमी फुटली तर त्याच्या कालवांना कुत्रंही तोंड लावणार नव्हतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून त्याची बायको स्वाझिग उठली.

"मी लावते. कालवांना नाही, ह्यांना! गेल्या वर्षी मानेवरचा वाईट तीळ कापला. डॉक्टर म्हणाले, अंग झाका नाहीतर क्रीम लावा. रोज भिंत लिंपावी तसा लिंपून पाठवते मी हा माणूस."

"ते क्रीम नाही, औषध आहे!" ग्वेनोले ओरडला. "औषधाच्या दुकानातनं आणलंय!" त्यानं खिशातली ट्यूब पुरावा म्हणून पुढे केली.

एनोरानं मागची बारीक अक्षरं वाचली. "तेच आहे, काका."

सभा खदखदून हसली. ग्वेनोले खाली बसला. मग पुन्हा उठला.

"हसा! एकट्या म्हाताऱ्याच्या दोन हातांनी एवढं झालं. केर्वेला, तुझ्या तंबूंत हात किती आहेत?"

हसणं थांबलं. केर्वेला छताकडे बघू लागला.

"पुढचं पाणी मी घेते," एनोरा म्हणाली. "दुपारी तीनला."

दुसऱ्या दिवशी, भर जुलैत, ग्वेनोले लग्नातला काळा कोट, काळे हातमोजे आणि स्वाझिगची रुंद काठाची टोपी घालून वाफ्यात उतरला. किनाऱ्यावरून क्रीमनं चकाकणारी एक बाई कळवळून ओरडली, "कोणी गेलं का हो?"

"अजून नाही!" ग्वेनोले पिशवी उलटवत म्हणाला. "कोणी जाऊ नये म्हणून तर घातलाय!"