पाच मिनिटांत पतंग मोजा

ऑनलाइन मीटिंगमध्ये पीयूषने हात वर केला आणि तिथेच घात झाला.

चिकूच्या बागेत लावलेल्या सापळ्याचा फोटो दिला की त्यात अडकलेले किडीचे पतंग मोजून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं असं. डहाणूला घरी बसून मुंबईच्या कंपनीचं काम करणारा पीयूष सात वर्षं दर रविवारी ते सुधारत होता. (बायकोच्या, रियाच्या मते घरातला नळ सुधारणं जास्त निकडीचं होतं.) त्या दिवशी प्रकल्पाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "नवीन माणूस इन्स्टॉल करायला बसतो आणि तिसऱ्या पायरीवर पळून जातो. सुरुवातीच्या सूचनांचं पान कोण नीट करेल?"

मराठी पान पीयूषनेच लिहिलं होतं. शीर्षक होतं, 'पाच मिनिटांत पतंग मोजा'. पान उत्तम आहे, लोकच वाचत नाहीत, असं त्याचं ठाम मत होतं. ते सिद्ध करायलाच त्याने हात वर केला.

बाईंनी अट घातली. एक खराखुरा नवशिका शोधायचा, त्याच्यापुढे पान ठेवायचं आणि लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसायचं. एक शब्द बोलायचा नाही.

"लग्नाला नऊ वर्षं झाली," रिया म्हणाली, "ही अट मला कशी नाही सुचली?"

नवशिका घरातच मिळाला. झाईला चिकूची बाग असलेले पीयूषचे सासरे गोविंदराव. त्यांनी नवाकोरा लॅपटॉप घेतला होता, आणि पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सात बागायतदारांना घरी बोलावूनही ठेवलं होतं. "आमचे जावईच बनवतात ते," असं सांगून. त्यामुळे पान चाललं नाही तर सासुरवाडीतली अब्रू सात बागांमध्ये वाटली जाणार होती.

रविवारी सकाळी झाईच्या घरी गोविंदराव ओटीवर चष्मा लावून बसले. रिया वही घेऊन पंच झाली.

"'पायथॉन आहे याची खात्री करा'," गोविंदरावांनी वाचलं. पीयूष गालात हसला. "हसू नका जावईबापू. अजगर नव्हे, कॉम्प्युटरची भाषा, एवढं कळतं मला. पण खात्री करायची कशी, ते कुठाय?"

पीयूषने तोंड उघडलं. रियाने पेन रोखलं. ते मिटलं.

गोविंदरावांनी शोधून शोधून पायथॉन टाकलं. त्यात पाऊण तास गेला. "'आता फक्त पुढील ओळ टाईप करा.' हे 'फक्त' सतरा वेळा आलंय. सरकारी ऑफिसात 'फक्त एक झेरॉक्स राहिली' म्हणाले की दिवस गेला समजायचं, तसंच दिसतंय हे."

मग तिसरी पायरी आली. 'फोटोंच्या फोल्डरचा पत्ता द्या.'

गोविंदरावांनी एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर शोधून टाईप केलं: मु. पो. झाई, तालुका तलासरी, जिल्हा पालघर. पिनकोड पानावर मागितला नव्हता. तो त्यांनी आपणहून घातला.

पीयूष खोकला, उठला, चिकूच्या झाडाला एक चक्कर मारून परत आला.

"असा पत्ता अस्तित्वात नाही म्हणतोय," गोविंदराव दुखावले होते. "वर्षानुवर्षं याच पत्त्यावर लग्नपत्रिका येतात!"

"पप्पा, द्या इकडे!" पीयूषचा बांध फुटला. "पान बरोबर आहे. मी करून दाखवतो, पाच मिनिटांत."

"बोललास," रियाने वहीत लिहिलं.

पीयूषने स्वतःचंच पान उघडलं आणि पायरीपायरीने गेला. चौथ्या पायरीवर लाल अक्षरांचा पूर आला. पुन्हा केलं, पुन्हा पूर. स्वतःच्या मशीनवर त्याने चार वर्षांपूर्वी एक छोटं पूरक पॅकेज टाकलं होतं. ते टाकावं लागतं हे पानावर कुठेच नव्हतं आणि त्याच्याही ध्यानात नव्हतं. नव्या लॅपटॉपला ते कुठून माहीत असणार? जेवणं झाली. गोविंदरावांची झोप झाली. पीयूष घामाघूम होऊन तिथेच.

"पान वाचा ना," गोविंदराव जांभई देत म्हणाले, "लिहिलंय सगळं त्यात."

चहाच्या वेळेला त्याला ते पॅकेज सापडलं. मग गोविंदरावांनीच वही ओढली. बागेत नवीन गड्याला काम सांगावं तसं ते लिहीत गेले. आधी हे करा. असं दिसलं तर बरोबर. तसं दिसलं तर थांबा, घाबरू नका. प्रत्येक ओळ लिहून झाली की ते म्हणायचे, "हं, करा जावईबापू," आणि पीयूष मुकाट्याने करायचा. अडला की ते ओळ खोडून पुन्हा लिहायचे. एकदाही ओरडले नाहीत. पीयूषला स्वतःची लाज वाटली आणि सासऱ्यांबद्दल, पहिल्यांदाच, मनापासून आदरही.

शनिवारी सात बागायतदार चार लॅपटॉप घेऊन आले. चहा गाळून होईस्तोवर चारही लॅपटॉप पतंग मोजायला लागले होते. पीयूषला कुणी काही विचारलं नाही.

त्याने ते पान जसंच्या तसं पाठवलं. बाई खूश झाल्या, आणि लेखक म्हणून गोविंदरावांचं नाव लागलं. खाली बारीक अक्षरांत बाईंनी आणखी एक ओळ घातली होती. रियाने ती मोठ्याने वाचली: "'हे पान एका संपूर्ण अननुभवी माणसावर तपासून पाहिले आहे: पीयूष, डहाणू.'"

पीयूषने तडक झाईला फोन लावला. "पप्पा, सात वर्षं मी त्यात काम करतोय. अननुभवी?"

"बाईंचा फोन आला तेव्हा तो शब्द मी सुचवला," गोविंदराव समजुतीने म्हणाले. "रियाने त्यांना जो सांगितला होता, तो मला जावयासाठी बरा वाटेना."