तिडकेकाका आणि एका ताऱ्याचं गिऱ्हाईक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या कुंदाताई तांडेल इंटरनेटवर सुकी मासळी विकतात. त्यांच्या पानावर ‘किरण पी.’ नावाच्या एका गिऱ्हाइकाने पाचपैकी एकच तारा देऊन तक्रार टाकली होती. तो किरण पी. म्हणजे मी.

झालं, लिहून टाकलं. खरं तर मला माझ्याबद्दल सांगायचंच नाही. सांगायचं आहे ते तिडकेकाकांबद्दल. पण ही गोष्ट गिळून त्यांच्याबद्दल काही सांगता येत नाही.

तर, तिडकेकाका मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाला बनियनवर उत्तर देत नाहीत.

मी डोळ्यांनी पाहिलंय. मे महिना, बोईसरचा उकाडा, वीज गेलेली, काका बनियन-लुंगीवर पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. मी मोबाइलवरून अभ्रे विकतो, तिथे एका बाईंचा प्रश्न येतो, ‘उशीच्या अभ्र्याचा रंग जाईल का?’ मी उत्तर द्यायला अंगठा उचलतो तर काका म्हणतात, “थांब!” आत जातात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं, केसांवरून पाण्याचा हात. मग उभं राहून, एका बोटाने उत्तर लिहितात.

“काका, त्या बाईंना कुठे दिसतंय तुम्ही काय घातलंय?”

“त्याह्यले नाही दिसत. मले दिसते ना बाप्पा. बनियनवर बसलेला माणूस बनियनवरचंच लिहिते.”

वामनराव तिडके मूळचे अमरावतीकडचे. इथल्या अणुवीज प्लांटमध्ये नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि सगळी हयात कंट्रोल रूममध्ये, दिव्यांकडे बघत काढली. निवृत्त झाल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. काकू त्याआधीच गेल्या होत्या. मुलगा नितीन नागपूरला असतो, एवढंच आम्हाला माहीत होतं.

निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून काका पालघरला एका मोफत शिबिराला गेले. विषय : ऑनलाइन विक्री कशी वाढवावी. तिथे कोट घातलेला एक तरुण सांगत होता, “गिऱ्हाइकाला घाई वाटली पाहिजे. पानावर लिहा, शेवटचे दोनच नग शिल्लक!”

काकांनी हात वर केला. “घरात किती नग हायेत?”

“समजा, चारशे.”

“मंग दोन काऊन सांगता?”

सभागृह हसलं. तरुणही हसला. काका हसले नाहीत. “मी हसाले नाही इचारत. कंट्रोल रूममध्ये काटा चारशेवर असताना दोन लिहिले असते, तर तुम्ही आज इथं कोट घालून उभे नसते.” चहाच्या सुट्टीत संयोजकांनी त्यांना नम्रपणे बाहेरचा रस्ता दाखवला. त्या दिवसापासून काकांनी स्वतःचाच सल्ला सुरू केला. फुकट, आणि न मागता.

मी त्यांचा पहिला पेशंट. औद्योगिक वसाहतीतला माझा कारखाना बंद पडला होता, मी तिथे स्टोअरकीपर होतो. कापड गिरण्यांत उरलेले ताके स्वस्तात आणायचे, वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, अभ्रे शिवायचे आणि मी ते मोबाइलवरून विकायचे, असा आमचा नवा संसार चालला होता. अर्धा माल परत यायचा. काकांनी एक अभ्रा मागून नेला, त्यावर आठवडाभर दुपारची झोप काढली, धुतला, पुन्हा झोपले आणि मग आमच्या पानावर स्वतः मजकूर लिहिला : ‘रंग फोटोपेक्षा थोडा फिका आहे. पहिल्या धुण्यात पाणी निळं होईल, घाबरू नये. शिवण पक्की आहे, ओढून पाहिली आहे.’

“आता कुत्रंही घेणार नाही,” मी वैशालीला म्हणालो.

विक्री काही फार वाढली नाही, पण परत येणं जवळजवळ थांबलं. मी काकांचे पाय धरले नाहीत. तसं करायला हवं होतं.

पण काकांची खरी शिकवण तक्रारीची. कमी तारे आले की ते त्याला ‘लाल दिवा’ म्हणत. “कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला का पयले कोनतं बटन दाबाचं? बंद कराचं? नाही. पयले दाबाचं ते ‘ऐकू आलं’चं. बिघाड काय, चूक कोनाची, ते नंतर. पयले मशीनले सांगाचं, बाई, तुझं ऐकू आलं.”

कुंदाताई त्यांना बाजारात भेटल्या. तिडकेकाका कट्टर शाकाहारी. मासळीबाजाराच्या कडेने जाताना नाकाला रुमाल. पण कुंदाताई शेजारणीला सांगत होत्या की सुनेने मोबाइलवर दुकान काढून दिलंय आणि गिऱ्हाईक काही फिरकत नाही. काका रुमालासकट थांबले.

पुढच्या रविवारी आम्ही मुरब्याला. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेले. काका वाऱ्याची दिशा बघून दूर उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, “पानावर वासाचं काऊन नाही लिहिलं?”

“अवो काका, आमचे बोंबलाला वास येते असा कोन लिवते काय? गिराईक पलून जाईल!”

“येतो का नाही येत?”

“मासली हाय. येनारच ना!”

“मंग लिहा. वास येतो. येणारच. मासळी आहे.”

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. “हे बोंबील खातान का?”

“बोंबील काय, ते चातुर्मासात कांदा खात नाहीत.”

“आनि मना धंदा शिकवतान!” त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पण लिहिलं त्यांनी तसंच. वर काकांनी दुहेरी पाकीट करायला लावलं. आधीच्या साध्या पाकिटाला कुरियरवाल्या पोऱ्याने हात लावायला नकार दिला होता : “माताजी, पूरी गाड़ी मेरे को पूछती है, तू नहाता नहीं क्या?” नव्या पाकिटाचा वास मात्र उघडेपर्यंत बाहेर यायचा नाही. आणि काय सांगू, मुंबई-पुण्यात जाऊन राहिलेले किनाऱ्यावरचे लोक त्या ‘वास येतो’वर तुटून पडले. कोणी लिहिलं, ‘पाकीट उघडलं आणि आजीचं घर आठवलं.’ पाच तारे, पाच तारे, पाच तारे.

इथे मी बिघडलो.

त्याच सुमाराला मी ताक्यांचा एक मोठा गठ्ठा उचलला होता आणि तो घरात पलंगाएवढा पडून होता. वैशाली बोलत नव्हती, शिवत होती. आणि काका रोज येऊन सांगायचे, “कुंदाताईच्या पानावर एकही लाल दिवा नाही, सुरेश! एकही नाही! शिक काही.”

‘शिक काही’ मला लागलं. माझ्या कामाचा काकांनी मला हात धरून रस्ता दाखवला होता, आणि तेच काका आता माझ्या घरी येऊन दुसऱ्याचे तारे मोजत होते. वय वर्षं सत्तेचाळीस, आणि मला बालवाडीतल्या पोरासारखा मत्सर वाटला.

किरण पी. हे नाव माझ्याकडे आधीपासून होतं. ओळखीच्यांनी एकमेकांना तारे द्यायचे नाहीत असा काकांचा नियम. सुरुवातीला कुंदाताईंची विक्री दिसावी म्हणून मी या खोट्या नावाने एक पाकीट मागवलं होतं. चांगल्या हेतूने. त्याच नावाने आता लिहिलं : ‘पाकिटात किडे निघाले.’ एक तारा.

पावसाआधी घराघरांत सुकी मासळी भरून ठेवतात. कुंदाताईंच्या वर्षाच्या कमाईचे हेच दिवस. माल भरून ठेवलेला. आणि किडे म्हटल्यावर कोण मागवणार? ऑर्डरी थांबल्या.

कुंदाताई दुसऱ्या दिवशी बोईसरला आल्या त्या कडाडतच. “किडं? माज्या मालात? कोन हाय तो किरन, मना पत्ता द्या त्याचा!”

काकांनी शर्ट चढवला होता. “पयले ऐकू आलं म्हनू.”

“खोटा बोलते मेला!”

“असंन खोटा. खोट्यालेही काही दुखत असंन, त्याबिगर माणूस बसून लिहीत नाही.”

मी चहा ढवळत होतो. खूप वेळ ढवळला.

काकांनी उभं राहून लिहिलं : ‘आदरणीय किरणजी, आपली तक्रार ऐकू आली. तपासून सांगतो.’ आणि मग खरंच तपासायला निघाले. मला घेऊन. मुरब्याला कुंदाताईंच्या ओटीवर सगळी पाकिटं फोडली. नाकाला रुमाल बांधून, भिंगातून, तिडकेकाका एकेक बोंबील उलटसुलट करून बघत होते. मध्येच उठून माडाखाली जात, उमासा आवरून परत येऊन बसत. मी त्यांच्या शेजारी बसून, मीच जन्माला घातलेले किडे शोधत होतो.

“सापडलं काई?” कुंदाताई दर थोड्या वेळाने विचारायच्या. त्यांचा आवाज आता बसला होता. “काका, सगला माल असाच राहिला तर मी करू काय?”

“कुंदाताई, दिवा लागला हाय तर मी ड्युटी सोडत नाही.”

किडे नव्हतेच. पण काकांनी पाकिटाला आरपार दिसणारी खिडकी ठेवायला लावली, वर भरल्याचा दिवस छापायला लावला, आणि हे सगळं किरणजींना कळवलं. किरणजी गप्प. काका दर थोड्या दिवसांनी त्या तक्रारीखाली लिहीत राहिले. एवढं खाली जाऊन कोणी वाचत नाही. मी वाचायचो.

‘किरणजी, आज वाळत घालायची जाळी बदलली.’ ‘किरणजी, मी शाकाहारी आहे, पण आता चांगला बोंबील ओळखता येतो.’ आणि मग एकदा :

‘किरणजी, आपण बोलत नाही. माझा मुलगाही बोलत नाही. त्याच्या आईच्या आजारपणात मी ड्युट्या बदलून घेतल्या नाहीत, ही त्याची तक्रार. तो बोलत होता तेव्हा मी त्याला शिफ्टचा तक्ता समजावत बसलो. तक्ता बरोबर होता. त्याला तक्ता नको होता. म्हणून आपल्याला पुन्हा लिहितो. आपलं ऐकू आलं आहे.’

मी मोबाइल उलटा ठेवला. नंतर पुन्हा उचलला आणि ती तक्रार काढून टाकली. ती काढली की तिच्याखालचं सगळंच पुसलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं. काकांचा एकेक शब्द गेला.

सकाळी काका दारात. बनियनवरच, इतकी घाई. “सुरेश, विझला रे! किरणजी मानले! पैसे वापस नाही, सूट नाही, नुसतं ऐकलं, तरी मानले!” मग म्हणाले, “काही बोलले असते तर बरं झालं असतं. पण मानले.”

पंधरवड्यात कुंदाताईंच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. खिडकीचं पाकीट लोकांना आवडलं. पावसाआधी त्यांचा माल संपला, आणि काकांसाठी त्यांनी ताडगोळ्यांची टोपली आणली. “बोंबील तं खानार नाय तुमी. हे तरी खा.”

त्याच आठवड्यात काकांनी नागपूरला फोन लावला. मला नंतर सांगितलं. म्हणे, अनोळखी किरणजी मानतात, तर पोटचा पोरगा काऊन नाही मानणार? नितीन पाऊण तास बोलला, सगळं बोलला. काकांनी मध्ये तक्ता काढला नाही. शेवटी त्यानेच विचारलं, “जेवलात का, बाबा?”

आता ते दर रविवारी बोलतात. नितीन दिवाळीत येऊन गेला. काकांनी त्याला मुरबे दाखवलं, वाऱ्याची दिशा बघून. आणि माझ्या अभ्र्यांवर झोपवलं. जाताना नितीनने चार मागवले, पैसे देऊन, आणि काकांचा नियम मोडून तारे दिले, ते मात्र तीनच. रंग फिका आहे म्हणून. काकांना त्याचा केवढा आनंद झाला!

आधी मी स्वतःला सांगायचो, किरणजी खोटे निघाले तर काकांचा धीर जाईल, म्हणून गप्प राहायचं. ते आता खरं नाही. बापलेकांचं जे आहे ते त्यांचं आहे, ते किरणवर उभं नाही. गप्प आहे तो फक्त माझ्यासाठी.

कुंदाताईंचा माल स्वच्छ होता, हे मला त्यांच्या ओटीवर जाऊन सांगायचं आहे. आणि तिडकेकाकांनी किरणजींना जे जे लिहिलं, त्याला मी एक उत्तर देणं लागतो, माझ्या स्वतःच्या नावाने. ते मी अजून दिलेलं नाही.