सरांच्या डब्यातल्या विहिरी

डोणगावात आमच्या समोर राहणारे देविदास सर सकाळी कुठे जायचं ते स्वतः ठरवत नाहीत. स्टीलच्या डब्यातली चिठ्ठी ठरवते. तिच्यावर गावातल्या एका विहीरमालकाचं नाव असतं. सर तिथे जातात, पाणी किती ते विचारतात, मग लागून असलेल्या दोन-तीन विहिरी करून परततात.

कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला एकटा माणूस. गावातल्या भूजलाचा नकाशा संगणकावर करतोय. लोक आकडे अंदाजाने सांगतात, म्हणून चुका होतात. सरांचा नियम असा, की शेजारच्या विहिरींत फार फरक दिसला की गणितात त्याला दंड. दंड सोसूनही फरक टिकला तर तो खरा.

"सगळ्या विहिरी एकदम का नाही घेत?" मी विचारलं.

"वहिनी, रोज घराचा एक कोपरा झाडाचा. पण तो आपण निवडाचा नाही. निवडला का झाडू आवडीच्याच कोपऱ्यात फिरते."

मी रोज सगळं घर झाडते, पण गणितापुढे बोलू नये.

हे गणित ते कुठेही लावतात. आम्ही घराला गुलाबी रंग दिला, तर म्हणाले, "शेजाऱ्यापेक्षा इतका फरक? दंड पडते." जेवायला बोलावलं, तर म्हणे, "तुमची चिठ्ठी नाही निघाली." शेवटी जेवणाचा डबा मीच नेऊन देते.

गल्लीच्या टोकाच्या कमलताई निवृत्त नर्स. त्यांची विहीर परसात. तिथे गेले की सर दुपार करूनच परत येतात. मागच्या महिन्यात ठरलं, मुलगा त्यांना रविवारी कायमचं पुण्याला नेणार. सरांनी आठवडाभर चिठ्ठ्या काढल्या. ताईंचं नाव काही निघेना.

"तसेच जा की, भेटायला," मी म्हटलं.

"तसं कसं? काऊन आले, म्हणतीन त्या."

रविवारी सकाळी डबा द्यायला गेले. सरांनी चिठ्ठी काढली, वाचली, घडी घालून परत टाकली. दुसरी काढली. तीही टाकली. मग तिसरी.

"सर, हे बसतं तुमच्या गणितात?"

सरांनी तीही डब्यात टाकली. मग झाकण लावलं.

"एखादं पाऊल निवडून टाकलं तं चालते, वहिनी. सरासरीत जिरून जाते."

आणि इस्त्रीचा सदरा शोधायला आत गेले.

"सदरा राहू द्या," मी म्हटलं. "ताईंचं सामान गाडीत चढतंय."