तायडे साहेबांचा नारळ

नारळ घेताना तुम्ही-आम्ही तो कानाशी हलवून बघतो. आमच्या शेजारचे तायडे साहेब तो तळहातावर आडवा निजवतात, डोळे बारीक करतात आणि दुकानातल्या दुकानात फेरी मारतात. अमरावतीच्या बाजारातला त्यांचा ठरलेला दुकानदार गिऱ्हाइकांना बाजूला करून वाट मोकळी करून देतो. नारळ हातावर नीट बसला की साहेब खूश. घरी नेऊन त्याची चटणी होत नाही, आणि देवापुढे फोडायचा तर प्रश्नच नाही. वडिलांनी बुद्धधम्म घेतला तेव्हापासून त्या घरात देवही नाही आणि नवसही नाही. हा नारळ ऑफिसकामाचा.

आता हे कोणी नारळावर पाणी दाखवणारे पानाड्या असतील, असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी., जन्मभर सरकारी नोकरी, आणि काम एकच, जमिनीखालचं पाणी शोधणं. लोखंडी सळया ठोकायच्या, तारा जोडायच्या, वीज सोडायची आणि यंत्रावरचा आकडा वाचायचा. मी शाळेत गणित शिकवलेला माणूस. खरं-खोटं फळ्यावर ठरतं आणि तिथेच मिटतं, अशी माझी भाबडी समजूत होती. ती या गृहस्थांनी मोडली.

नोकरीच्या सुरुवातीला नांदगाव पेठेकडच्या एका गावात त्यांनी बोअरची जागा दाखवली. गावानं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि साहेबांची पाठ फिरताच पानाड्या बोलावला. पाणी असेल तिथे तळहातावरचा आडवा नारळ आपोआप उभा राहतो, हा आपल्याकडचा जुना विश्वास. पानाड्याचा नारळ देवळामागे उभा राहिला. तिथे खोदलं, तर नुसता फुफाटा. मग पानाड्या खोटा ठरला म्हणता? छे! साहेबानं आधीच जमिनीत सळया टोचल्या म्हणून पाणी पळालं, असं गावानं ठरवलं. पुढच्या गावाला जाताना साहेबांनी पिशवीत नारळ टाकला.

तेव्हापासून पद्धत ठरली. आदल्या संध्याकाळी सळया ठोकून जागा हेरायची आणि खुणेचा दगड ठेवायचा. सकाळी गाव जमलं की नारळ घेऊन चालायचं आणि दगडापाशी आलं की अंगठ्यानं हळूच उभा करायचा. पाणी लागे. लोक म्हणत, साहेबाच्या हाताले गुन आहे. एम.एस्सी.चं नाव कोणी काढत नसे.

निवृत्तीनंतरही गावं बोलावत राहिली. साहेबांना गाडी येत नाही, म्हणून गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि वर वाटभर त्यांचं बोलणं ऐकायचं तेही मीच. एकदा मी चिडलो. म्हटलं, शास्त्र शिकलेला माणूस तुम्ही, ही लोकांची फसवणूक नाही का? साहेब शांतपणे म्हणाले, "डॉक्टर पांढरा कोट घालते नं? थर्मामीटर कोटाशिवायबी चालते. मंग काहून घालते?"

मी एका म्हशीवर जोरात हॉर्न वाजवला.

त्यांचं एक पालुपद होतं. कोणी काही ठासून सांगायला लागलं की म्हणायचे, "काय म्हनलं थे मंग पाहू. आधी कोन म्हनलं थे सांगा." हे सगळं गमतीत चाललंय असं मी धरून चाललो होतो. एकदा मात्र त्यांनी सरळच सांगितलं. गावात गेलं की लोक आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, मग त्या गावात घर कुठल्या बाजूला ते. त्यानंतर आकड्यांकडे कोण बघतो? "माह्या हातचा नारळ चालते त्याइले," ते म्हणाले, "माहं बोलनं नाही चालत."

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या बहिणीच्या गावाहून बोलावणं आलं. सुभद्राबाई त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. आई लवकर गेली, साहेबांना त्यांनीच वाढवलं, शाळेत घातलं. साहेब त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. गाव अकोटच्या अलीकडे, पूर्णेच्या खोऱ्यातलं, म्हणजे खारपाण पट्ट्यातलं. वर काळी, लोण्यासारखी जमीन आणि खाली मिठाचं पाणी. ते प्यायलं तर मूतखडे होतात, शेताला दिलं तर शेत वाया जातं. गाव टँकरवर जगतं. त्या टँकरपुढे बाई या वयात पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभ्या राहतात. ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं की बोअर बाईंच्या वावरातच घ्यायचा, कारण वावर गावाला लागून होतं. जागा दाखवायला अर्थातच नारळवाले साहेब, म्हणजे बाईंचा भाऊ.

संध्याकाळी आम्ही सळया ठोकल्या. साहेबांनी आकडा पाहिला, सळया उपटल्या, दुसरीकडे ठोकल्या, मग आणखी एकीकडे. सगळीकडे खारंच. त्या रात्री ते जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, की उद्या नारळ आडवाच ठेवतो, उभा राहिला नाही की गाव आपोआप मानेल. नारळाच्या तोंडून 'हो' वदवता येतं तर 'नाही' का नाही, हा त्यांचा हिशेब मलाही पटला.

सकाळी सगळं गाव बांधावर. साहेब चालू लागले. अर्धं वावर ओलांडलं तरी नारळ आडवाच होता. मग वावराला लागूनच असलेल्या बाईंच्या घराच्या मागच्या दाराशी, निंबाजवळ ते आले, आणि नारळ उभा राहिला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. मी साहेबांकडे पाहत होतो. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अंगठा हलला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

त्यांनी नारळ खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नारळाला काही कळत नाही, आजवर मीच तो उभा करत आलो, जागा यंत्रानं आदल्या दिवशीच सापडलेली असते, आणि इथलं पाणी खारं आहे. यंत्र दाखवलं, सळया दाखवल्या, आकडे वाचून दाखवले. लोक कौतुकानं हसले. सरपंच म्हणाले, साहेबांचा हा मोठेपणा आहे, गुणी माणूस कधी आपल्या तोंडानं मिरवत नाही. एकानं तर बोअरच्या गाडीवाल्याला फोनही लावला.

साहेब घसा फोडून सांगत होते आणि गाव त्यांच्या विनयाची तारीफ करत होतं. मला हसूही येईना.

तेवढ्यात सुभद्राबाई बांधावरून उतरून भावापुढे येऊन उभ्या राहिल्या. यंत्राकडे त्यांनी पाहिलं नाही, नारळाकडेही नाही.

"भाऊ, तू सांग. गोडं का खारं?"

"खारं आहे, बाई."

त्या सरपंचांकडे वळल्या. "माह्या वावरात बोर होनार नाही."

काहून, म्हणून सरपंचांनी विचारलं. गावच्या पाण्याच्या आड येता का, असंही कोणी मागून बोललं.

"माहा भाऊ नाही म्हनते," बाई म्हणाल्या, आणि घरात गेल्या. टँकर यायची वेळ झाली होती.

परतताना दर्यापूर मागे पडलं. साहेबांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, शेवटी एका माणसानं तरी तुमच्या शास्त्रावर विश्वास ठेवला.

"शास्त्र कुठी पाह्यलं तिनं," ते म्हणाले. "तिनं मले पाह्यलं." मग स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. "रातभर मी सोताले बजावून राह्यलो होतो का खारं आहे, खारं आहे. पन हाताले कोन सांगन? तिच्या दारात पानी लागावं, असं हाताले वाटलं, अन् उभा राह्यला थो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"सगळ्याइनं माहं 'हो' घेतलं, थेबी नारळाच्या हातून," ते म्हणाले. "तिले पानी सगळ्यात जास्त पाह्यजे होतं हो. तरी तिनं माहं 'नाही' घेतलं."

आणि तायडे साहेब रडायला लागले. तोंड फिरवून वगैरे नाही, लहान पोरासारखे हुंदके देऊन. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.