शिराळ्यातली तोंडी परीक्षा

मुलगी बघायला शिराळ्याला जाताना सयाजीला एकच धास्ती होती. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाल्याचं त्याने वडिलांपासून, आकारामांपासून, लपवलं होतं, आणि फौजेतून हवालदार होऊन आलेले ते भेटेल त्याला सांगत सुटले होते, "आमचं पोरगं इंग्रजीत लय पक्कं हाय."

लीला पोहे घेऊन आली. ती मॅट्रिक पास होती. सयाजीला ती बघताक्षणी आवडली, आणि आवडल्यावर माणसाचं डोकं चालत नाही. आकारामांनी मिशीवरून हात फिरवला. "सयाजी, इचार की इंग्रजीतलं एखादं."

सयाजीला गाईडातलं एकच आठवत होतं. "ही इज पुअर. ही इज ऑनेस्ट. दोन्ही वाक्यं जोडा."

"ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट," लीला खाली मान घालून म्हणाली.

गाईडात मधे 'बट' होतं. 'ऑल्दो' त्याच्या ओळखीचा नव्हता. "चूक," तो गंभीरपणे म्हणाला.

लीलाचे मामा नानासो सांगलीच्या एका हायस्कुलात इंग्रजीच शिकवत. भाचीचं बरोबर आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण मुलाकडच्या पाहुण्याला चूक म्हणायची आपल्याकडे रीत नाही. ते खाली बघत म्हणाले, "पावणं म्हणत्यात तर आसंल चूक."

मास्तरांनीच मान तुकवल्यावर आकाराम उठले. "पोरगी गुणाची हाय, पर इंग्रजी कच्चं. न्हाई जमायचं आमास्नी."

सयाजीने पोह्यांची बशी खाली ठेवली. त्याला ती हवी होती, आणि त्यानेच तिला नापास केलं होतं. चपला शोधणाऱ्या वडिलांकडे न बघता तो म्हणाला, "आबा, बसा. तिचं बरोबर आसंल. इंग्रजीत मीच नापास हाय."

आकाराम चपला तशाच सोडून खाली बसले. नानासोंनी घसा साफ केला. "बटनंबी जुळतंय, ऑल्दोनंबी. दोन्ही एकदम घालायचं न्हाई, एवढंच." मग त्यांचा आवाज जरा चढला. "बरं पावणं, आमी इचार करून कळवतो."

हे वाक्य मुलाकडच्यांनी म्हणायचं असतं. आकारामांना ते ऐकायची सवय नव्हती. "आवं मास्तर, आता खरं बोललं की पोरगं," ते अजिजीने म्हणाले.

आत कुजबुज झाली. लीलाची आई रंगूबाई दाराशी आली. "लीला म्हणती, मानूस खरं बोलणारा हाय. आक्टोबरच्या परीक्षेला बसा म्हणावं. पास झालं की लगीन."

एरवी परीक्षेचं नाव काढलं की सयाजी रानात पळायचा. आज त्याने बोटांवर ऑक्टोबरपर्यंतचे महिने मोजले.

"मामा," तो हळूच म्हणाला, "त्याच्या आदी कुठली परीक्षा न्हाई का?"