नीरोचे श्रोते

राजाजीनगरातल्या मंडळाच्या हॉलला कुलूप लावायची कल्पना हयवदनरावांची. दसऱ्याच्या त्यांच्या व्याख्यानाला गेल्या वर्षी एकेचाळीस माणसं आली आणि शेवटी चार उरली. त्यांतला एक माइकवाला, एक झोपलेला, एक चपला शोधणारा आणि चौथी त्यांची बायको पद्मावती. यंदा अध्यक्ष बिंदुमाधवांनी स्पष्टच सांगितलं होतं, "अण्णा, शेवटी मी डोकी मोजणार. तीस भरली तर पुढच्या वर्षी तुम्ही. नाहीतर तंबोला."

अकरा वर्षांची परंपरा तंबोल्याच्या घशात जावी, हे हयवदनरावांना सोसणारं नव्हतं. त्यांनी किल्ली उपेंद्रच्या हातात ठेवली. उपेंद्र पुण्याहून आलेला, कोरमंगलात राहणारा, मंडळाचा नवा चिटणीस.

"संपेपर्यंत कुणाला सोडायचं नाही."

"पण काका, इमर्जन्सी आली तर?"

"कुणी मरत असलं तरच उघड."

जेवणही मुद्दाम व्याख्यानानंतर, खालच्या मजल्यावर. स्वयंपाक्यांच्या ज्ञानातही भर पडावी म्हणून तिथे एक स्पीकर लावला होता.

विषय होता 'प्राचीन रोममधली करमणूक'. पहिला पाऊण तास सार्वजनिक स्नानगृहांत गेला. गरम पाण्याचा हौद, कोमट पाण्याचा, गार पाण्याचा. तीन दिवस नळाला पाणी नसलेल्या राजाजीनगराने तेही निमूट ऐकून घेतलं. मग रथांच्या शर्यती आल्या. शर्यतीत सात फेऱ्या असत. हयवदनरावांनी सातही सांगितल्या. पाचव्या फेरीला खालून पुरणाच्या ओबट्ट्यांवरच्या तुपाचा वास आला आणि बेचाळीस माना एकदम दाराकडे वळल्या.

"नीरो बादशहा स्वतः गायचा," हयवदनराव रंगात आले, "आणि तो गात असताना थिएटरची दारं बंद! असं लिहून ठेवलंय, की लोक कंटाळून मेल्याचं सोंग घ्यायचे. म्हणजे निदान उचलून तरी बाहेर काढतील."

ते एकटेच हसले. बाकीचे विचारात पडले.

पहिल्या रांगेतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सगुणाबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, पदर सारखा केला आणि त्या अलगद खुर्चीवरून घसरल्या.

"अय्यो, अक्का गेल्या! उपेंद्रा, दार!" कुणीतरी ओरडलं.

चौघांनी त्यांना उचललं. चौघांतला एकही परतला नाही.

पाच मिनिटांनी मागच्या रांगेतला जितेंद्र कोसळला. माणूस पंचेचाळीस किलोचा, पण उचलायला नऊजण धावले. नवव्याला धरायला काही उरलं नाही, त्याने जितेंद्रचा मोबाइल धरला.

"उकाडा आहे," असं म्हणून हयवदनराव ग्लॅडिएटरांकडे वळले. ढाल-तलवारी येईपर्यंत आणखी तिघे पडले.

"अहो, स्वल्प आवरतं घ्या," पद्मावतीबाई म्हणाल्या. "माणसं मरताहेत."

"इतिहास आहे तो. आवरता येत नाही!"

शेवटी बिंदुमाधव, पद्मावतीबाई आणि उपेंद्र उरले. अध्यक्षांनी मधूनच उठून जाणं बरं दिसत नाही, म्हणून तेही पडले. उपेंद्रने खांदे धरले, पद्मावतीबाईंनी पाय. बाहेर पडल्यावर उपेंद्रने पुन्हा कुलूप लावलं. शिस्तीचा मुलगा.

सिंह संपवून हयवदनरावांनी कागदांवरून मान वर केली. "प्रश्न?"

बेचाळीस खुर्च्या गप्प. त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या. खाली वाट्यांचा खणखणाट आणि "अजून एक वाढा हो!" पोटात कावळे, पुढच्या वर्षी तंबोला. त्यांची नजर माइकवर गेली. तो चालूच होता.

हयवदनराव माइकजवळ गेले, एकदा कण्हले आणि धप्पकन आडवे झाले.

खालच्या स्पीकरमधून तो आवाज पंगतीवर आदळला. पद्मावतीबाईंच्या हातातली तुपाची वाटी निसटली. "अय्यो देवरे! ह्यांना काय झालं?"

अख्खी पंगत जिन्यावर. सगुणाबाई दोन-दोन पायऱ्या ओलांडत सगळ्यांच्या पुढे. उपेंद्रने कुलूप काढलं, मंडळी आत घुसली, खुर्च्यांवर चढून वाकून पाहू लागली.

हयवदनरावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग सावकाश उठून झब्बा झटकला आणि माइक हातात घेतला.

"बिंदुमाधव, मोजा."

हातातला अर्धा ओबट्टू सांभाळत अध्यक्षांनी डोकी मोजली. "चव्वेचाळीस," ते पडेल आवाजात म्हणाले. "दोन स्वयंपाकी धरून."

"सरी, ठीक. तर मंडळी, समारोपाकडे वळण्यापूर्वी रोमन नाटकाचा थोडक्यात आढावा घेऊ. उपेंद्रा, कुलूप लाव. आणि आता कुणी मेलं तरी उघडू नकोस."